मुंग्यांच्या वसाहतीत प्रजननाचा हक्क कोणाचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंग्यांचा विषय निघाला की शिस्त, एकी आणि कष्ट हेच शब्द पुढे येतात. त्यात खोटं काही नाही. पण त्याच वसाहतीत अंडी कोणी घालायची, नर किती वाढवायचे, कोणत्या राणीला जगू द्यायचं यावरून कायम रस्सीखेच चालू असते. ही रस्सीखेच कोणामध्ये होणार आणि किती तीव्र होणार हे बऱ्याचदा एका साध्या गोष्टीवर ठरतं: राणीने किती नरांशी मीलन केलं. खालचे बरेचसे प्रश्न फिरून याच मुद्द्यावर येतात.

वसाहतीत अंडी फक्त राणीच घालते का?

बहुतेक जातींत बहुतेक अंडी राणीची असतात, सगळी नाही. कामकरी मुंग्या म्हणजे मादीच. पुष्कळ जातींत त्यांना बीजांडकोश असतात आणि संधी मिळाली तर त्या अंडी घालतात. मात्र त्यांचं मीलन झालेलं नसतं, म्हणून त्यांच्या अंड्यांतून नरच निपजतात. फेडोले, सोलेनॉप्सिस, मोनोमोरियम, टेट्रामोरियम अशा काही प्रजातीसमूहांत मात्र कामकऱ्यांना बीजांडकोशच नसतात. तिथे राणी आणि कामकरी यांच्यातलं निदान हे एक भांडण उत्क्रांतीने कायमचं मिटवलेलं आहे.

नर मुंगीला बाप नसतो, हे खरं आहे का?

खरं आहे. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या या सगळ्या कुळात अफलित अंड्यातून नर होतो आणि फलित अंड्यातून मादी. यान झेर्झोन या पोलिश धर्मगुरूने १८४५ मध्ये ही गोष्ट मधमाश्यांबद्दल मांडली, तेव्हा ती पुष्कळांना पटली नव्हती. एरवी नराकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो, तोही पूर्ण आईकडून आलेला (मोजके अपवाद शेवटच्या प्रश्नांत येतील). त्याला बाप नाही आणि मुलगाही होऊ शकत नाही. मुली मात्र होतात, आणि त्यांच्या पोटी नातू.

अंडं फलित करायचं की नाही हे राणीच्या हातात असतं. मीलनात मिळालेले शुक्राणू ती पोटातल्या एका छोट्या शुक्रपिशवीत साठवते. अंडं बाहेर पडताना पिशवीतून शुक्राणू सोडले तर मुलगी, रोखून धरले तर मुलगा.

कामकरी मुंग्या स्वतःची पोरं सोडून बहिणी का वाढवतात?

नराचा एकच संच असल्यामुळे त्याचे सगळे शुक्राणू अगदी एकसारखे असतात. म्हणून एकाच आईबापाच्या दोन बहिणींची जनुकं सरासरी पाऊण हिश्श्याने जुळतात. आई-मुलीचं हेच प्रमाण निम्मं असतं. भावाशी मात्र फक्त पाव. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये हे गणित मांडलं आणि कामकऱ्यांचा त्याग पहिल्यांदा आकड्यांत समजू लागला: बहीण वाढवणं म्हणजे स्वतःचीच जनुकं पुढे पाठवणं.

पण पाऊण हा आकडा राणीने एकाच नराशी मीलन केलं असेल तरच खरा असतो. तिने दोन, पाच, दहा नरांचे शुक्राणू आणले असतील तर वसाहतीतल्या अनेक बहिणी सावत्र असतात आणि सावत्र बहिणींचा वाटा जेमतेम पाव उरतो. शिवाय भावाशी असलेलं पाव नातं बहिणीच्या पाऊण नात्याचा फायदा बराचसा खाऊन टाकतो. म्हणून आज अभ्यासक केवळ या पाऊणवर भिस्त ठेवत नाहीत. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांच्या अनेक वंशांची तुलना २००८ मध्ये झाली, तेव्हा समाजजीवनाची सुरुवात जिथे जिथे झाली तिथे मूळ मादी एकाच नराशी मीलन करणारी होती असं दिसलं. अनेक नरांशी मीलन ही नंतरची गोष्ट. तोवर कामकरी परत स्वतंत्र होण्याच्या पलीकडे गेलेल्या होत्या. मला हा शोध या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण मीलनाची रीत आधी आणि समाज नंतर, हा क्रम त्याने दाखवून दिला.

एखाद्या कामकरीने चोरून अंडं घातलं तर काय होतं?

बहुतेक वेळा दुसऱ्या कामकरी ते खाऊन टाकतात. अंडी घालू लागलेल्या कामकरीलाच ओढणं, चावणं, जखडून ठेवणं हेही चालतं. याला कामकऱ्यांची गस्त म्हणता येईल.

याचंही गणित आहे. राणीचे जोडीदार अनेक असतील तर सावत्र बहिणीच्या मुलाशी कामकरीचं नातं एक-अष्टमांश, राणीच्या मुलाशी, म्हणजे भावाशी, एक-चतुर्थांश. भाच्यापेक्षा भाऊ जवळचा, म्हणून भाच्याचं अंडं खाल्लेलं परवडतं. राणीचा जोडीदार एकच असेल तर मात्र उलटं होतं: सख्ख्या बहिणीचा मुलगा भावापेक्षा जवळचा ठरतो. तरीही कॅम्पोनोटस फ्लोरिडॅनससारख्या एकच जोडीदार असलेल्या राणीच्या जातीतसुद्धा कामकरी एकमेकींची अंडी नष्ट करतात. जिची तिची पोरं वाढवायला लागली तर काम थांबतं, आणि काम थांबलं तर सगळ्यांचंच नुकसान होतं, हे इथलं कारण.

चोर ओळखला कसा जातो? वासावरून. मुंगीच्या अंगावर मेणासारख्या हायड्रोकार्बन रसायनांचा पातळ थर असतो आणि बीजांडकोश जागे झाले की त्याचं मिश्रण बदलतं. ॲफेनोगॅस्टर कॉकेरेली या जातीवर २००९ मध्ये एक सुंदर प्रयोग झाला. सुपीक मुंगीच्या अंगावर सापडणारं एक रसायन प्रयोगशाळेत तयार करून साध्या, अंडी न घालणाऱ्या कामकऱ्यांना लावलं. राणी असलेल्या वसाहतीत त्यांच्यावर लगेच हल्ला झाला. त्यांनी गुन्हा केला नव्हता. अंगाला फक्त गुन्ह्याचा वास होता.

म्हणजे राणी वासाने सगळ्यांना ताब्यात ठेवते?

पूर्वी तसंच समजलं जायचं. आता बहुतेकांचं मत असं की राणीचा वास ही जाहिरात आहे, जबरदस्ती नाही. काळ्या बागमुंगीच्या, म्हणजे लासियस नायगरच्या, राणीच्या अंगावरचं असं एक रसायन २०१० मध्ये ओळखलं गेलं. ते असलं की कामकऱ्यांचे बीजांडकोश निद्रिस्त राहतात. ‘इथे जोमाने अंडी घालणारी आई आहे’ हे कळल्यावर स्वतः अंडी न घालणंच कामकरीच्या जनुकांच्या हिताचं असतं, म्हणून ती त्या खुणेला मान देते. राणीची अंडी घटली, वास क्षीण झाला, की तीच कामकरी मान देणं थांबवते. कॅम्पोनोटस फ्लोरिडॅनसची वसाहत अनेक घरट्यांत पसरलेली असते आणि राणी एकाच घरट्यात असते. तिथे राणीच्या अंड्यांवरच तिची खूण असते. ती अंडी लांबच्या घरट्यात पोचली तरी तिथल्या कामकरी संयम पाळतात.

राणी आणि तिच्याच मुलींमध्ये भांडण कशावरून होतं?

मुलगे किती आणि नव्या राण्या किती, यावरून. राणीला मुलगा आणि मुलगी सारखेच जवळचे, म्हणून तिच्या दृष्टीने दोन्हींवर सारखा खर्च व्हायला हवा. कामकरीला मात्र सख्खी बहीण भावाच्या तिप्पट जवळची, म्हणून तिला तीनास एक असं प्रमाण हवं. रॉबर्ट ट्रिव्हर्स आणि होप हेअर या अभ्यासकांनी १९७६ मध्ये हा विरोध दाखवला. अंडी राणीच्या हातात आणि संगोपन कामकऱ्यांच्या हातात, त्यामुळे दोघींकडेही आपापलं हत्यार आहे.

फॉर्मिका एक्सेक्टा या युरोपातल्या जातीत हे अगदी उघडं दिसतं. काही राण्यांनी एकाच नराशी मीलन केलेलं असतं, काहींनी अनेकांशी. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही प्रकारच्या वसाहतींत राण्यांनी घातलेल्या नर-अंड्यांचं प्रमाण सारखंच निघालं. पण कोषाच्या अवस्थेपर्यंत पोचताना, एका नराच्या वसाहतींत नर पिल्लं गायब झालेली होती. कामकऱ्यांनी भावांना संपवून बहिणी राखल्या होत्या. अनेक नरांच्या वसाहतींत, जिथे बहिणींचं नातं पातळ झालेलं असतं, तिथे भाऊ शाबूत राहिले. आई किती जणांशी जुळली हे मुलींना जणू माहीत आहे आणि त्यानुसार त्या वागतात.

पंख फुटलेल्या मुंग्या एकाच दिवशी सगळीकडे का दिसतात?

ते मीलन-उड्डाण असतं. नव्या राण्या आणि नर यांना पंख असतात आणि आसपासच्या सगळ्या वसाहती हवेचा, ओलाव्याचा, तापमानाचा अंदाज घेऊन एकाच वेळी त्यांना बाहेर सोडतात. पाऊस होऊन गेल्यावरची दमट, शांत हवा अनेक जातींना मानवते. एकाच वेळी निघाल्याने परक्या वसाहतीतला जोडीदार मिळतो, आणि खाणाऱ्या पक्ष्यांपुढे इतका ढीग पडतो की काही तरी वाचतातच.

सगळ्याच जाती उडून मीलन करतात का?

नाही. ढोबळपणे दोन रीती आहेत. पहिलीत नर हजारोंनी एका ठिकाणी जमतात आणि राण्या तिथे येतात. पोगोनोमर्मेक्स या धान्य गोळा करणाऱ्या मुंग्या वर्षानुवर्षं त्याच त्या टेकडीच्या माथ्यावर जमतात. तिथे एकेका राणीवर अनेक नर तुटून पडतात. राणी अनेकांशी मीलन करते आणि पुरेसं झालं की अंग घासून किरकिर आवाज काढते, मग नर बाजूला होतात. दुसऱ्या रीतीत मादी फारशी लांब जात नाही. घरट्याच्या तोंडाशी उभी राहून, पोट उचलून गंध सोडते आणि नर तो गंध शोधत येतो. जिथे नवी वसाहत जुनीतूनच फुटून निघते, तिथे ही दुसरी रीत अधिक दिसते.

राणी आयुष्यात किती वेळा मीलन करते?

सहसा एकाच दिवशी, किंवा सुरुवातीच्या अगदी थोड्या काळात, आणि नंतर कधीच नाही. लासियस नायगरची एक राणी पाळलेल्या अवस्थेत २८ वर्षांहून अधिक जगली. अशी राणी आयुष्यभर घालते ती सगळी फलित अंडी त्या पहिल्याच साठ्यावर चालतात. पानं कापणाऱ्या अट्टा मुंग्यांच्या राणीला कोट्यवधी शुक्राणू अनेक वर्षं जिवंत ठेवावे लागतात, आणि ती ते खूप जपून खर्च करते.

इथे चढाओढ राणीच्या पोटातही होते. २०१० च्या एका अभ्यासात असं दिसलं की अट्टा आणि ॲक्रोमर्मेक्स या अनेक नरांशी मीलन होणाऱ्या पानकाप्यांत एका नराचा वीर्यद्रव दुसऱ्या नराच्या शुक्राणूंना मारतो. ज्या जवळच्या जातींत राणी एकाच नराशी जुळते, त्यांच्या नरांच्या द्रवात ही मारकता नाही. तिथे प्रतिस्पर्धीच नसतो. आणि अट्टाच्या राणीच्या शुक्रपिशवीतला द्रव ही मारामारी शांत करतो. तिला सगळेच शुक्राणू हवे असतात, कोण जिंकतो याच्याशी तिला कर्तव्य नसतं.

मीलनानंतर नराचं काय होतं?

बहुतेक जातींत तो काही तासांत किंवा दिवसांत मरतो. त्याचे वृषण प्रौढ होईपर्यंत आपलं काम संपवून आक्रसून गेलेले असतात. बरोबर घेतलेला साठा संपला की नवे शुक्राणू तयार होत नाहीत. ब्राझीलमधल्या डायनोपोनेरा क्वाड्रिसेप्स या मोठ्या मुंगीत तर मादी मीलनाच्या अवस्थेतच नराला घेऊन घरट्यात शिरते आणि त्याचं पोट चावून तोडते. त्याचे जननभाग तिच्या शरीरात काही वेळ बुचासारखे अडकून राहतात, त्यामुळे दुसऱ्या नराला जागा मिळत नाही. नराच्या दृष्टीनेही हा व्यवहार तोट्याचा नाही, कारण त्याला दुसरी संधी मिळण्याची शक्यता जवळजवळ शून्य असते.

नर आपसात मारामारी करतात का?

उडणारे नर सहसा करत नाहीत. मोकळ्या आकाशात एका प्रतिस्पर्ध्याला मारून काय मिळणार? पण मीलन घरट्याच्या आतच होत असेल तर एका नराला सगळ्या राण्यांवर हक्क सांगता येतो, आणि मग युद्ध पेटतं.

कार्डिओकॉन्डायला ऑबस्क्युरिऑर ही जेमतेम २-३ मिलिमीटरची मुंगी याचं उत्तम उदाहरण आहे. हिच्यात दोन तऱ्हांचे नर होतात. एक बिनपंखी, विळ्यासारख्या वाकड्या आणि लांब जबड्यांचा. दुसरा पंखवाला, शांत. बिनपंखी नर पिल्लांच्या ढिगात फिरत राहतो. कोषातून नुकताच बाहेर आलेला, अंग अजून मऊ असलेला दुसरा बिनपंखी नर सापडला की त्याला जबड्यात धरून मारतो. प्रतिस्पर्धी कडक अंगाचा झाला असेल तर डाव वेगळा: त्याला पकडून पोटाच्या टोकातून निघणारा स्राव त्याच्या अंगाला फासायचा. तो वास लागला की कामकरीच त्याच्यावर धावून जातात आणि काम तमाम करतात. असा नर आठवडेच्या आठवडे जगतो, आणि मुंग्यांत अत्यंत विरळ अशी गोष्ट म्हणजे त्याचे वृषण आयुष्यभर शुक्राणू बनवत राहतात. नव्या राण्या जसजशा बाहेर येतील तसतशा त्याला हव्या असतात.

मग पंखवाला नर घरट्यात टिकतो कसा? कोवळ्या वयात त्याच्या अंगाचा वास कुमारी राणीसारखा असतो. मारकुटा नर त्याला शत्रू समजत नाही. उलट त्याच्याशीच मीलनाचा प्रयत्न करतो. २००२ मध्ये हे उघड झालं. पंखवाला नर घरट्यात गुपचूप मीलन उरकतो आणि मग उडूनही जातो. परिस्थिती बिघडली, उदाहरणार्थ थंडी पडली, की वसाहतीत पंखवाल्या नरांचं प्रमाण वाढतं.

याच जातीतली एक गोष्ट मला विशेष भावते. इथे मीलन झालेल्या राण्या कुमारी राण्यांपेक्षा जास्त जगतात, आणि नर वंध्य केलेला असला तरीही. बहुतेक कीटकांत मीलनाने मादीचं आयुष्य घटतं. इथे नराचा सगळा फायदा राणी दीर्घायुषी होण्यातच आहे, कारण तिला दुसरा जोडीदार येणार नाही आणि नव्या राण्या व नर ती आयुष्याच्या उत्तरार्धात देते.

काही जातींत राणी नसतेच म्हणतात. मग कोण कोणाचं ऐकतं?

या जातींत मीलन करू शकणाऱ्या कामकरीच प्रजनन करतात. सगळ्याच करू शकतात, म्हणून एकीनेच का, हा प्रश्न इथे रोज नव्याने सोडवावा लागतो. तीन जातींनी त्याची तीन उत्तरं काढली आहेत.

डायकामा या प्रजातीसमूहात राणीच शिल्लक नाही. प्रत्येक कामकरी कोषातून बाहेर येते तेव्हा तिच्या छातीच्या दोन्ही बाजूंना, पुढचे पंख असते त्या जागी, बोंडासारखे बारीक अवयव असतात. प्रजनन करणारी मुंगी नव्या बाहेर आलेल्या मुंगीजवळ येते आणि हे दोन्ही अवयव जबड्याने खुडते. बस, एवढंच. खुडलेली मुंगी भित्री होते, मीलनासाठी कधी गंध सोडत नाही, जन्मभर काम करते. प्रजनन करणारी मेली तर नंतर जन्मणारी पहिली अखंड मुंगी तिची जागा घेते आणि बाकीच्यांना खुडू लागते. दक्षिण भारतातल्या निलगिरी परिसरात मात्र याच्या एका प्रकारात खुडण्याची रीत नाही. तिथे अवयव शाबूत राहतात आणि वर्चस्व फक्त दरडावून टिकवलं जातं.

भारतात आढळणारी हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर ही उड्या मारणारी मुंगी वेगळ्याच मार्गाने जाते. इथे राणी असते. ती मेली की अनेक कामकरी समोरासमोर येऊन एकमेकींना मिशांनी झपाझप हाणतात, दांडपट्ट्याच्या खेळासारखं. एक पुढे सरकते, दुसरी मागे, मग उलट. हे आठवड्यांमागून आठवडे चालतं. जिंकलेल्या काही जणी घरट्यातल्याच नरांशी मीलन करून अंडी घालू लागतात. अर्धवट यश मिळालेल्यांना बाकीच्या जखडून धरतात आणि त्यांचे बीजांडकोश पुन्हा आक्रसतात. जिंकणाऱ्यांचं शरीर आतून बदलतं: आयुष्य सुमारे सात महिन्यांवरून चार वर्षांपर्यंत जातं, आणि मेंदू अंदाजे एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश लहान होतो. शिकार करायची नाही, बाहेर फिरायचं नाही, मग एवढा मेंदू पोसायचा कशाला? त्याहून नवलाची गोष्ट २०२१ मध्ये कळली. अशा मुंगीला बाजूला ठेवून तिचं प्रजनन थांबवलं तर मेंदू परत वाढतो आणि ती पुन्हा कामकरी होते.

डायनोपोनेरा क्वाड्रिसेप्समध्ये पहिल्या क्रमांकाची मुंगी अंडी घालते आणि तिच्या खाली मोजक्या उमेदवार रांगेत असतात. रांगेतली एखादी आव्हान द्यायला लागली तर पहिली मुंगी भांडत बसत नाही. नांगी तिच्या अंगाला घासून एक स्राव लावते आणि निघून जाते. खालच्या दर्जाच्या कामकरी मग त्या उमेदवाराला पाय-मिशांना धरून दिवसेंदिवस अडकवून ठेवतात. तिचं स्थान जातं, कधी जीवही.

एका घरट्यात अनेक राण्या असल्या तर?

जातीनुसार चित्र बदलतं. कित्येक जातींत नव्या राण्या एकत्र येऊन घरटं खणतात आणि पहिली पोरं वाढवतात. एकटीपेक्षा दोघी-तिघींची पहिली फौज मोठी असते, आणि शेजारच्या नव्या घरट्यांशी होणाऱ्या झुंजीत तिचा उपयोग होतो. पण कामकरी बाहेर आल्या की राण्या एकमेकींवर तुटून पडतात आणि एकच उरते. लासियस नायगर आणि आगमुंगी सोलेनॉप्सिस इन्विक्टा यांत हे नेहमीचं.

आगमुंगीच्या अनेक राण्यांच्या वसाहतींत निवाडा कामकरी करतात, तोही जनुक पाहून. एका विशिष्ट जनुकाचं एक रूप असलेल्या कामकरी, ते रूप नसलेल्या राण्यांना अंडी घालू लागताच मारतात. हे १९९८ मध्ये समोर आलं, आणि २०१३ मध्ये कळलं की ते एकटं जनुक नसून गुणसूत्राचा मोठा, एकत्रच वारशाने जाणारा तुकडा आहे.

अर्जेंटिनी मुंगीच्या कामकरी दर वसंतात आपल्या सुमारे ९० टक्के राण्या ठार करतात. याने उरलेल्यांशी नातं वाढत नाही, त्यामुळे या हत्यांचं साधं गणित अजून कोणी बसवून दाखवलेलं नाही.

परकी राणी घुसून गादी बळकावू शकते का?

हो, आणि त्याच्या रीती निर्दय आहेत. बॉथ्रिओमर्मेक्स डिकॅपिटान्सची राणी टॅपिनोमा मुंग्यांच्या घरट्यात शिरते, त्यांच्या राणीच्या पाठीवर बसते आणि तिचं डोकं कापते. लासियस ओरिएन्टॅलिसची राणी त्याहून धूर्त: यजमान राणीवर द्रव फवारते आणि वासाने बिथरलेल्या कामकरी स्वतःच्या आईलाच मारून टाकतात. हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं.

लष्करी मुंग्यांत नवी राणी कोण निवडतं?

कामकरी. फौजेने शिकारीला निघणाऱ्या या मुंग्यांपैकी एसिटॉन बर्चेलीची राणी बिनपंखी, उडू न शकणारी. वसाहत एकदम मोजक्याच नव्या राण्या आणि हजारो नर वाढवते. नंतर कामकऱ्यांचे दोन गट पडतात, प्रत्येक गट एकेका राणीमागे निघतो, बाकीच्या राण्यांना मागे रोखून ठेवलं जातं आणि त्या तिथेच मरतात. नर उडून परक्या वसाहतींत उतरतात, आणि राणीपर्यंत पोचायला त्यांना आधी हजारो कामकऱ्यांच्या पसंतीतून जावं लागतं. राणी सरासरी डझनभर नरांशी मीलन करते.

भाऊ-बहिणींत मीलन झालं तर?

बहुतेक जातींत घातक. लिंग ठरवणाऱ्या जनुकाची दोन वेगळी रूपं आली तरच फलित अंड्यातून मादी होते; दोन्ही सारखी आली तर नर. जोडीदार नात्यातला निघाला आणि राणीकडचंच एक रूप घेऊन आला तर निम्म्या ‘मुली’ निरुपयोगी नर होतात आणि कोवळी वसाहत मरते. अमेरिकेत पोचलेल्या आगमुंगीत याचा मोठा फटका बसला, कारण आलेल्या मोजक्या मुंग्यांबरोबर या जनुकाची रूपंही मोजकीच आली. कार्डिओकॉन्डायलात हा अडसर नाही, म्हणून घरट्यात मीलन चालतं. तरी त्यातल्या कार्डिओकॉन्डायला एलेगन्सच्या कामकरी तरुण राण्यांना उचलून परक्या घरट्यांत नेऊन सोडतात, तिथल्या नरांशी जुळण्यासाठी. २०२१ मध्ये हे नोंदलं गेलं.

नराशिवाय चालतं का?

काहींचं चालतं. कॅटाग्लिफिस कर्सरची राणी कामकरी मीलनातून आणि वारसदार राण्या बहुतांशी नराविना तयार करते: कष्टकऱ्यांना विविधता, वारसदारांना शंभर टक्के आईचं रक्त. वास्मानिया ऑरोपंक्टाटाच्या अनेक वसाहतींत याच्याही पुढे गेलेलं आहे. तिथे राण्या आईच्या प्रती, नर बापाच्या प्रती, आणि फक्त वंध्य कामकऱ्यांत दोघांचं मिश्रण. हे २००५ मध्ये कळलं तेव्हा नर आणि मादी जणू दोन वेगळ्या वंशरेषा होऊन एकमेकांना वापरत आहेत, असं चित्र उभं राहिलं.

राणी दुसऱ्या जातीचे मुलगे जन्माला घालते, ही बातमी खरी आहे?

खरी आहे, २०२५ मधली. मेसॉर इबेरिकसच्या कामकरी सगळ्या मेसॉर स्ट्रक्टर या जातीच्या नरापासून झालेल्या संकर असतात. त्या नराशिवाय राणीला कामकरीच मिळत नाहीत. पण सिसिलीसारख्या ठिकाणी मेसॉर स्ट्रक्टरच्या वसाहती हजार किलोमीटरच्या आसपासही नाहीत. उत्तर असं निघालं की ते नर राणी स्वतःच घालते: आपली गुणसूत्रं वगळून, शुक्राणूतल्या गुणसूत्रांवरच पोसलेले. एकाच आईचे दोन मुलगे, एक केसाळ, एक जवळजवळ बिनकेसाळ, आणि दोघांच्या जाती ५० लाख वर्षांहून आधी वेगळ्या झालेल्या.

यातलं काही साध्या डोळ्यांनी पाहता येईल का?

उड्डाणाच्या दिवशी नक्की. पंखवाल्यांत ज्यांची छाती भरदार, पोट मोठं आणि डोकं कामकरीसारखं, त्या राण्या. ज्यांचं डोकं लहान, डोळे मोठे, अंग सडपातळ, ते नर. जमिनीवर उतरलेली राणी शोधा आणि तिला हात न लावता पाहत राहा. मीलन झालं असेल तर ती मधल्या व मागच्या पायांनी पंख पुढे ढकलते, ते बुडाशी मोडतात आणि गळून पडतात. मग ती भिंतीच्या कडेने, दगडाखाली, मातीच्या भेगेत जागा शोधू लागते. तिथून पुढे पहिल्या कामकरी येईपर्यंत बहुतेक जातींच्या राण्या काहीच खात नाहीत. उडायला लागणारे छातीतले स्नायू विरघळतात आणि पहिली पिल्लं त्यावरच वाढतात.